बीए करायलीय म्हणे!

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता. आज शनिवार आहे, रिलीज नाही, म्हणून लिहूनच टाकतो. काहीजण चिडतील. चिडा.

पुण्यातल्या आयटीवाल्यांना सध्या 'लिबरल आर्ट्स'चं भारी कौतुक. आमच्या टीममधल्या एका साहेबांनी मुलीला तिथं घातलं. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, थोडं साहित्य, वर्षाची फी काही लाखांत. सगळे म्हणाले, "वा, काय एक्स्पोजर!" मी म्हणालो, माझी मामेबहीण मुखेडला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठीच घेऊन शिकते. त्यावर उत्तर आलं, "अच्छा, म्हणजे साधं बीए." विषय संपला.

आता मला सांगा, विमाननगरात जे 'लिबरल' असतं ते मुखेडात 'साधं' कसं होतं?

लायब्ररी, शिक्षक, इंग्रजी यात जमीनअस्मानाचा फरक आहे, मान्य. वर्ग ओस असतात, पोरं नाव घालून हैदराबादला कामाला जातात आणि परीक्षेपुरती उगवतात, हेही मान्य. पण त्याचा अर्थ कॉलेज नको असा होतो का? सर्व्हर डाऊन झाला म्हणून आपण क्लायंटला "सिस्टीमच बंद करा" असं सांगत नाही.

आणि हे कॉलेज काही आभाळातून पडलेलं नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, तिथं उर्दूतून शिका. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून पोरांना काढून टाकलं, तेव्हा त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. मुक्तिसंग्रामानंतर दोनच वर्षांत, १९५० ला, नांदेडात पीपल्स कॉलेज निघालं. त्याच साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९९४ ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस पीपल्समध्ये शिकवत होता, प्राचार्य होता. आज मुखेड तालुक्यात वसंतनगरचं ग्रामीण महाविद्यालय आहे, मुखेडात शाहीर अण्णाभाऊ साठे महाविद्यालय आहे. खेड्यातली पोरगी सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते, इतक्या जवळ पदवी आणायला दोन पिढ्या लागल्या. आणि आपण एका वाक्यात तिची किंमत काढतो, "बीए करायलीय म्हणे!"

या वाक्याचे परिणाम होतात, बरं का. मामेबहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. स्थळं यायला लागलीत. ती तिसऱ्या वर्षाला जाणार की बोहल्यावर, हे "बीएनं काय होतंय?" या एका प्रश्नावर ठरणार आहे. मामांना हा प्रश्न सुचला कुठून? दिवाळीला कार घेऊन येणाऱ्या गावच्या इंजिनिअर पोरांकडून. मामा त्यांचं ऐकतात, कारण ती पोरं शिकलेली!

आता माजी विद्यार्थ्यांकडे येतो. आपल्यातले कित्येकजण अकरावी-बारावीला अशाच कॉलेजच्या सायन्सला होते. प्रोफाईलवर मात्र नाव फक्त इंजिनिअरिंग कॉलेजचं. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा पाहिला. दीड तास शाल-श्रीफळ, एक तास पुढाऱ्याचं भाषण, मग जेवण. शिकत असलेली पोरं कुठं होती? पत्रावळ्या वाढत होती! २०१७ च्या नॅक आराखड्यात माजी विद्यार्थ्यांसाठी एक रकाना होता, त्यांनी दिलेले पैसे लाखांत मोजायचा. बीए होऊन ग्रामसेवक, शिक्षिका, वकील, पोलीस झालेला माणूस त्या रकान्यात कुठं बसवणार? तालुका तर तोच चालवतो.

अमेरिकेतलं विल्यम्स कॉलेज बघा. १८२१ साली अध्यक्षच काही विद्यार्थी घेऊन निघून गेले आणि त्यांनी ॲमहर्स्ट कॉलेज सुरू केलं. विल्यम्स बुडणार असं वाटायला लागलं. तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले, संघटना काढली, कॉलेज टिकवलं. माजी विद्यार्थी संघ म्हणजे हे. कॉलेज अडचणीत असताना उभं राहायचं. शाल काय, बाजारात मिळते.

मग करायचं काय? कमानीवर नाव कोरायला पैसे देऊ नका. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटी फुकट असते, बीएला गेल्यावर पासाचे पैसे लागतात. सवलत आहे, पण मजुराच्या घरात तेही जड जातात. दहा मुलींचे पास काढा. महिन्यातून एक शनिवार ऑनलाईन या, एक्सेल शिकवा, अर्ज कसा लिहायचा ते शिकवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या हातात भरती असेल तर टेस्टिंग आणि सपोर्टच्या जागांवर 'फक्त बीई/बीटेक' लिहिणं बंद करा. क्लायंटला नीट चार ओळी लिहायला कुठलं इंजिनिअरिंग लागतं? आमच्याकडं निम्म्या बीईवाल्यांना त्या लिहिता येत नाहीत!

हे काहीच जमत नसेल तर निदान एक करा. पुढच्या दिवाळीला एखाद्या मामांनी विचारलं, "पोरीला बीए करून काय उपयोग?" तर हसू नका. "मामा, पूर्ण करू द्या," एवढंच म्हणा. त्याला एक रुपया लागत नाही.