बदल एकाचा, नंबर सगळ्यांचा!

सॉफ्टवेअरवाल्या भाचरांनो, तुमची ही पद्धत मला मुळीच पटत नाही. सामायिक लायब्ररीतलं एक पॅकेज बदलायचं आणि व्हर्जन नंबर सगळ्यांचा वाढवायचा! अँग्युलरने 2017 साली 2 वरून थेट 4 वर उडी मारली. का, तर राउटर आधीच 3 वर होता!

2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितातलं संख्यावाचन बदललं, केवढा गदारोळ झाला. म्हणून काय चौथीच्या मराठीवर 'सुधारित आवृत्ती' छापायची? त्याला पुनर्मुद्रणच म्हणतात.

पहिला आकडा वाढला की जुनं चालणार नाही, हे तुमचंच शास्त्र ना? वापरणारा दर वेळी तपासतो, काही सापडत नाही, शेवटी तपासणंच सोडतो. आणि नेमकं तेव्हाच काहीतरी मोडतं. 'सगळ्यांना एकच नंबर सोयीचा पडतो' म्हणे. कुणाला?