भय नको, सराव हवा

दिवाळी हा घर आवरण्याचा आणि लेकराबाळांत निवांत बसण्याचा सण असल्यामुळे घराच्या सुरक्षिततेविषयी मुलांशी बोलण्यास हा काळ योग्य ठरतो. सणासुदीला भूकंपाचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे दगावली, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता, हे वर्धा जिल्ह्यासारख्या तुलनेने शांत प्रदेशाने विसरू नये. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू परिसरात झालेल्या भूकंपाचे हादरे गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत जाणवले होते.

मुलांचा पहिला प्रश्न असतो, 'जमीन का हलते?' १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते असा आक्षेप घेतला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. आपल्या खोडीमुळे संकट ओढवले, असे लहान मूलही सहज मानून बसते. म्हणून त्याला कारण स्पष्ट सांगावे: जमिनीखालच्या खडकांवर ताण साचतो, आणि तो असह्य झाला की खडक भ्रंशावर, म्हणजे ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तिच्यावर, एकाएकी घसरून जमिनीला हादरे देतात.

तथापि केवळ सांगणे पुरेसे नाही. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या 'नई तालीम' या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा आग्रह हाताने करून शिकण्याचा होता, आणि येथे तोच उपयोगी पडतो. पक्क्या इमारतीत खाली बसावे, मजबूत टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे आणि हादऱ्यासरशी टेबल सरकते म्हणून त्याचा पाय घट्ट धरून ठेवावा, हे मुलांकडून खेळासारखे वारंवार करवून घ्यावे. किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेले छत, कोसळून माणसे गाडली गेली. अशा घरात दार हाताशी असेल तर उघड्यावर जाणेच बरे, हेही मुलांना ठाऊक असावे.

यंदाच्या आवराआवरीत फळीवरची जड पितळी भांडी खाली उतरवावीत, कपाट भिंतीला पक्के करावे, हादरे थांबल्यावर सर्वांनी जमण्याची जागा ठरवावी आणि या प्रत्येक कामात मुलांना सोबत घ्यावे, अशी वाचकांना कळकळीची विनंती.