बुद्धीची करमणूक : लोहगडावरील चार पहारेकरी

लोहगडवाडींतून गड चढूं लागलें म्हणजे एकामागून एक चार दरवाजे लागतात : तळाशीं गणेश, मग नारायण, त्यावर हनुमान आणि शेवटीं महादरवाजा. सन २०२५ मध्यें ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हा गड आहे. त्याच्या दरवाज्यांवर आम्हीं एक कल्पित कथा रचिली आहे.

ती सुडोकूच्या जातीची आहे. सुडोकू हें नांव जपानी. परंतु हल्लींचें कोडें अमेरिकेंतील हॉवर्ड गार्न्स यांनीं रचिलें व तें १९७९ सालीं छापलें गेलें. आडव्या वा उभ्या ओळींत एकच खूण दोनदां येऊं नये, हा त्याचा मूळ नियम मात्र पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें अशा चौकोनांचा अभ्यास केला होता. आमच्या चौकोनांत अंकांऐवजीं माणसें आहेत, आणि नियम त्यांच्याच तोंडून आडवळणानें येतात.

भालाईत, तिरंदाज, बरकंदाज व पट्टेकरी हे चौघे रात्रीचे चार प्रहर चार दरवाजे राखीत. प्रत्येक प्रहरीं प्रत्येक दरवाज्यांत एकच जण; आणि उजाडेपर्यंत प्रत्येकाचा पहारा प्रत्येक दरवाज्यांत एकदां होई. एके रात्रीं तिसऱ्या प्रहरीं महादरवाज्याची दिंडी उघडी राहिली. किल्लेदारानें चौघांस उभें केलें. सर्वांनीं खरेंच सांगितलें, परंतु बेताचें.

भालाईत म्हणाला, "दर बदलीस मला चढण लागली."

तिरंदाज म्हणाला, "मला दर बदलीस उतार लागला."

पट्टेकरी म्हणाला, "शेवटच्या प्रहरीं मी हनुमान दरवाज्यांत होतों."

बरकंदाज म्हणाला, "पहिल्या बदलीस मी वर गेलों."

येथें वाचकांनीं थांबून कागद-पेन्सिल घ्यावी.

दरवाजे चार, बदल्या तीन. तेव्हां सारखा चढणारा भालाईत गणेश दरवाज्यापासूनच निघाला असला पाहिजे, आणि उतरणारा तिरंदाज महादरवाज्यापासून. दोघांनीं एकाहि दरवाज्याचें नांव घेतलें नाहीं, तरी सोळांपैकीं आठ घरें भरलीं. आतां दुसऱ्या व तिसऱ्या प्रहरीं गणेश व महादरवाजा हे दोनच मोकळे राहतात. ते उरलेल्या दोघांनीं आलटून पालटून राखिले. बरकंदाज पहिल्या बदलीस वर गेला, म्हणजे दुसऱ्या प्रहरीं तो तळाशीं असूं शकत नाहीं. तो महादरवाज्यांत होता. अर्थात् तिसऱ्या प्रहरीं तेथें पट्टेकरी होता.

गंमत अशी कीं, ज्या एका वाक्यांत दरवाज्याचें नांव स्पष्ट आलें, तें तक्ता पुरा करावयास लागतें, दोषी ठरवावयास नव्हे. उलट बरकंदाजाचें साधें वाक्य गाळलें, तर संशय दोघांवर सारखाच राहतो.

अंक दिसतांच "हें आपलें काम नव्हे" म्हणून उठून जाणारीं माणसें बहुतेक घरांत असतात. कथा मात्र सर्वच ऐकतात. आणि बदलीच्या बोलण्यांतला चढ-उतार घरांतल्या वडील बायकांस पदवीधर मुलापेक्षां आधीं उमगावा, ह्यांत नवल नाहीं. चार बिऱ्हाडांच्या एका घरांत दूध कोणी उतूं दिलें, दार कोणी उघडें टाकलें, ह्याचा निवाडा रोज कोणीतरी करीतच असतो. तो चौथ्याचें बोलणें ऐकण्यापूर्वीं होऊं नये, एवढें जरी ह्या कोड्यानें शिकविलें, तरी तास वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.