परसातली जीप आणि आर.टी.ओ.चे दार

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र ते वेगळ्याच कारणाने गाजले. तिथल्या एका कारागिराने मुलाच्या हट्टापायी भंगारातले सुटे भाग जमवून एक छोटी जीप घरीच तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. आणि गाडी सुरू करायची ती स्कूटरसारखी किक मारून! तिची चित्रफीत आनंद महिंद्रांच्या पाहण्यात आली. त्यांनी कौतुक तर केलेच, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, असेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये हा व्यवहार पार पडला.

गोष्ट गोड झाली. पण उद्योगपतीची नजर ज्याच्याकडे वळत नाही, त्या कारागिराचे काय होते?

आपल्याकडे जीप हे वाहन मुळातच हात लावण्याजोगे. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे मिस्त्री तिच्यावरच शिकले. तिचा सांगाडा शिडीसारखा, दोन लांब पोलादी पट्ट्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या. वरचा पत्रा उतरवला तरी खालची गाडी चालू शकते. आजच्या बहुतेक मोटारींत असा वेगळा सांगाडा नसतोच. पत्र्याची पेटीच भार पेलते, आणि ती कापली की गाडीचा कणाच कापला जातो. म्हणून डोंगरवाटांचे शौकीन जुनी जीपच शोधतात. मग पाटे उंच करायचे, मोठी चाके चढवायची, डोक्यावर पाईपचा पिंजरा उभारायचा. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि शेजारी एखादे लेथ असले, की परसातही हे काम होते.

होते, पण कसे होते, हे पाहायला हवे. पिंजऱ्यासाठी पुष्कळदा वापरला जातो तो नळाचा जी.आय. पाईप. तो स्वस्त असतो आणि हाताशी असतो, पण गाडी उलटल्यावर बसणारा मार सोसण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. शिवाय त्यावरचा जस्ताचा लेप वेल्डिंगच्या आचेने जळतो आणि त्या धुराने मिस्त्रीला रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोड वरून कितीही सुबक दिसला तरी धातू खोलवर वितळला आहे की नाही, ते डोळ्यांना कळत नाही. आणि तडा बहुधा जोडात नव्हे, तर त्याच्या कडेला, आचेने कडक झालेल्या पोलादात जातो. गाडी चार इंच उंच केली की गुरुत्वमध्यही वर सरकतो, आणि जी गाडी चिखलात शूर वाटते तीच घाटाच्या वळणावर कलंडू लागते. मोठ्या चाकांना तेच जुने ब्रेक पुरत नाहीत. कायदा कडक झाला तो उगीच नव्हे.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. नव्या गाडीला रस्त्यावर आणायचे तर नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याला हा खर्च परवडतो. एकच गाडी बनवणाऱ्याने काय करावे?

गंमत अशी, की हेच काम आपण महाविद्यालयांत कौतुकाने करवून घेतो. मध्य प्रदेशात पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा सुरू झाली. मुले स्वतः पाईप वाकवून आडवाटेची एकआसनी गाडी बांधतात. तिथे पिंजऱ्याच्या पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के हवा, हा नियम आहे. चालकाने पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवायचे असते. तपासणीत नापास झालेली गाडी मैदानात उतरत नाही. म्हणजे घरगुती बांधणीची गाडी तपासायची कशी, हे आपल्याला ठाऊक आहे. पदवीच्या रांगेतल्याला ती तपासणी मिळते; हातात कला असलेल्या मिस्त्रीला मिळत नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बांधलेल्या एकट्यादुकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि ती उतरली तर रीतसर नोंदणीही होते. आपल्या कायद्यातही अपंग व्यक्तीसाठी आर.टी.ओ.च्या मंजुरीने गाडीत बदल करता येतो. तेव्हा एक गाडी, एक तपासणी ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात पोलाद ताणून पाहण्याचे यंत्र असते, शिक्षक असतात, आर.टी.ओ.च्या निरीक्षकाबरोबर त्यांना बसवणे एवढे अवघड का असावे? आधीच कामाच्या ढिगाऱ्यात बुडालेली ही कार्यालये नवे काम कितपत आनंदाने घेतील, हा प्रश्न आहेच. आणि दार उघडले की त्यातून वाटेल ते आत घुसेल, ही भीतीही अगदी खोटी नाही.

पण दार बंद ठेवूनही गाड्या थांबलेल्या नाहीत. उत्तरेत पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवलेल्या 'जुगाड' गाड्या वर्षानुवर्षे माणसे वाहत होत्या. ते मोटार वाहनच आहे आणि त्याला कायदा लागू होतो, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अशा गाडीला नोंदणी नसते, म्हणून विमा नसतो. आणि विमा नसला, की तिच्या धडकेत पाय गमावलेल्या माणसाने भरपाई मागायची ती गाडीवाल्याकडेच, ज्याची सारी पुंजी त्या गाडीतच गुंतलेली असते.