आधी लाल काच पाहा, मग कॅमेरा उघडा

रमजानपूर्वीच्या साफसफाईत यंदा पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. अब्बांच्या इंतकालानंतर ती कुणी उघडली नव्हती. आत जुन्या पावत्या, एक शेरवानी आणि तपकिरी चामड्याच्या पेटीत अब्बांचा ॲगफा क्लिक थ्री कॅमेरा. माझ्या नववीतल्या मुलाने तो हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि मी "थांब" म्हणेपर्यंत उघडलासुद्धा. आत कागदात गुंडाळलेला रोल होता.

"बंद कर, बंद कर!" मी ओरडले. त्याने घाबरून लगेच बंद केला. मग मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूची छोटी लाल काच पाहिली. तिच्यात आकडा होता ९. म्हणजे अब्बांनी बारापैकी आठ-नऊ फोटो काढले होते आणि रोल तसाच राहून गेला होता.

आमच्या घरी अम्मीचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, तोही धुरकट. अम्मीला फोटो काढून घेणे आवडत नसे. पण अब्बांनी कधी तरी तिच्या नकळत काढला असेल तर? त्या ९ आकड्याने माझी झोप उडवली.

पूर्वी आमच्या भागात फोटो स्टुडिओ चालवणारे एक बुजुर्ग आहेत. कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन दुपारी बसवून मला जे शिकवले, तेच या वेळी लिहिते आहे. कारण असा कॅमेरा तुमच्याही कपाटात असेल, आणि आत रोलही असेल.

कॅमेरा म्हणजे अंधारी खोली

बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोत 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर कसा पडतो, याचे प्रयोग त्यांनी केले. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून दिसणाऱ्या सूर्याच्या आकारावर त्यांनी वेगळा ग्रंथही लिहिला. आपल्या हातातला कॅमेरा हीच ती अंधारी खोली. फिल्म म्हणजे तिची भिंत. ही भिंत एकदाच उजेड झेलते. म्हणून रोल घालताना आणि काढताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुकांचे मूळ एकच असते: फिल्म या क्षणी कुठे आहे हे न ओळखता आपण दार उघडतो.

आत रोल आहे की नाही?

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे कॅमेरे सापडतात. पहिला प्रकार क्लिक थ्रीसारखा. हा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होत असे. त्यात १२० नंबरचा रुंद रोल लागतो. हा रोल १९०१ पासून चालत आला आहे आणि आजही मिळतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल अनेकांना आठवत असतील. अशा कॅमेऱ्याच्या लाल काचेत आकडा, बाण किंवा ठिपके दिसले तर आत रोल आहे.

दुसरा प्रकार ३५ मिलिमीटरच्या छोट्या डबीचा, ज्यात ३६ फोटो निघत. याच्या मागच्या झाकणाला अनेकदा एक उभी खिडकी असते, तिच्यातून डबी दिसते. खिडकी नसेल तर वरच्या डाव्या बाजूची गुंडाळण्याची मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलके फिरवून पाहावी. सैल फिरत राहिली तर बहुधा आत काही नाही. थोडे फिरून ताण लागला तर आत रोल आहे, तिथेच थांबावे.

चुकून उघडलाच तर?

झटकन बंद करा आणि रोल फेकू नका. १२० च्या रोलला पाठीवर पूर्ण लांबीचा कागद असतो. तो उजेड अडवतो, त्यामुळे क्षणभर उघडल्यास बहुतेक वेळा कडाच काळवंडतात. आमचे नशीब इथेच वाचले. ३५ च्या फिल्मला कागद नसतो. तिथे उघड्या पडलेल्या भागाचे आणि वरच्या वेढ्यांचे नुकसान होते, पण आतल्या वेढ्यांवरचे फोटो काही वेळा वाचतात. काही स्वयंचलित कॅमेरे आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतात आणि एकेक काढलेला फोटो डबीत परत नेतात. त्यात काढलेले फोटो सुरक्षित राहतात.

रोल काढताना

१२० चा रोल उलटा गुंडाळायचा नसतो. तो एका रिळावरून दुसऱ्या रिकाम्या रिळावर जातो. शेवटच्या फोटोनंतरही गुंडी त्याच दिशेने फिरवत राहावे. कागदाचा शेवट सुटला की गुंडी एकदम हलकी होते. मग सावलीत, उन्हात नव्हे, कॅमेरा उघडावा. रोल सैल होऊ न देता अंगठ्याने धरावा आणि त्याचीच डिंकाची पट्टी चिकटवावी. सैल रोलच्या कडांतून उजेड आत शिरतो. रिकामे झालेले रीळ फेकू नका, पुढच्या रोलसाठी तेच लागते.

३५ चा रोल मात्र डबीत परत गुंडाळल्याशिवाय उघडायचा नाही. कॅमेऱ्याच्या तळाशी एक बारीक बटण असते. ते दाबले की फिल्म मोकळी होते. ते न दाबता मूठ जोराने फिरवली तर फिल्मची छिद्रे फाटतात. बटण दाबून मूठ बाणाच्या दिशेने फिरवा. शेवटी ताण सुटल्याची जाणीव होते. आणखी चार वेढे द्या, मग झाकण उघडा. सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला बहुधा पेनाच्या टोकाने दाबायचे बटण असते, पण सेल नवे हवेत.

शेवटी आणखी एक फोटो मिळावा म्हणून लिव्हर जोराने ओढली की फिल्म डबीतून उपटून येते. मग मूठ कितीही फिरवा, फिल्म परत जात नाही. अशा वेळी कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो. इशानंतर, खिडक्या बंद करून, रजईखाली. वीज गेलेली रात्र असेल तर आणखी चांगले. आत पाच मिनिटे बसा. स्वतःचा हात दिसू लागला तर तो अंधार पुरेसा नाही. मोबाइल आणि चमकणारे घड्याळ बाहेर ठेवा. स्टुडिओतला लाल दिवा आठवून लाल बल्ब लावू नका. तो छपाईच्या कागदासाठी असतो, फिल्म त्यानेही खराब होते. फिल्म हाताने गुंडाळून उजेड न शिरणाऱ्या काळ्या डबीत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: 'आत सुटी फिल्म आहे, उजेडात उघडू नये.'

गुंडी अडकली असेल तर जोर करू नका. शहापूर-मुरबाडच्या पावसाळी दमटपणात कागद फिल्मला चिकटतो. कॅमेरा उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात काही दिवस ठेवा, मग सावकाश फिरवून पाहा. तरीही हलली नाही तर कॅमेरा तसाच जाणकाराकडे न्या.

रोल घालताना

आमच्या खालेच्या निकाहाचे फोटो एका भाच्याने काढले होते. आकडा ३६ झाला, ३७ झाला, ३८ झाला. तो खूश, एवढे फोटो! रोल धुवून आला तेव्हा पूर्ण कोरा होता. फिल्मचे टोक पलीकडच्या रिळात अडकलेच नव्हते. कॅमेऱ्यातला आकडा लिव्हरचे ओढे मोजतो, फिल्म नव्हे. खाला आजही त्या भाच्याला सोडत नाहीत.

म्हणून टोक फटीत नीट घाला, दोन्ही बाजूंची छिद्रे दातांवर बसली का पाहा आणि एक वेढा झाकण उघडे असतानाच द्या. झाकण लावल्यावर मूठ हलके फिरवून ढिलाई काढा. आता लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरलीच पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही. १२० मध्ये कागद रिळावर सरळ जातो आहे का एवढे पाहा. तिरका गेला तर मध्येच अडकतो.

वापरलेल्या ३५ च्या रोलचे टोक बाहेर राहिले असेल तर ते लगेच दुमडा. नाही तर कुणी तरी नवा समजून पुन्हा घालतो आणि ईदचे फोटो शादीच्या फोटोंवर बसतात.

धुवायला देताना

मुंबईत फिल्म धुणाऱ्या लॅब अजून आहेत. रंगीत डबीवर 'सी-४१' छापले असेल तर ती आजही धुता येते. आखातातून आलेला 'कोडाक्रोम' असेल तर त्याचे रंग आता निघत नाहीत, ती प्रक्रिया २०१० च्या अखेरीस बंद झाली. रोल किती जुना आहे ते लॅबला सांगा आणि निगेटिव्ह परत मागा. विमानाने पाठवायचा असेल तर सामानात टाकू नका. एक्स-रे यंत्राने न धुतलेली फिल्म खराब होते. हातात ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.

आणखी एक गोष्ट. जुन्या रोलमध्ये घरातल्या बायकांचे फोटो असू शकतात, आणि त्यांनी ते कुणी पाहावेत म्हणून काढलेले नसतात. लॅबला आधीच सांगा की हे फोटो कुठे दाखवायचे नाहीत. आणि आपणही पाहिल्याबरोबर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. ज्यांचे आहेत त्यांना, किंवा त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलांना, आधी विचारावे. रोल ही अमानत आहे.

आमचा रोल मी स्वतः आसनगावहून लोकलने मुंबईला नेला. तीन आठवड्यांनी निरोप आला. नऊपैकी तीनच फोटो ओळखू येण्यासारखे निघाले. एकात बैलगाडी, एकात मी, पाच-सहा वर्षांची, दात पडलेली. तिसऱ्यात अम्मी. अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडते आहे, नजर खाली. इतक्या वर्षांत कागदावरच्या आकड्याची शाई फिल्मवर उमटली आहे, त्यामुळे तिच्या ओढणीवर एक पुसट ७ दिसतो. लॅबवाल्याने विचारले, तो पुसून देऊ का? मी नको म्हटले.

फोटो आम्ही भिंतीवर लावला नाही. अम्मीच्या शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. भावाबहिणींनी येऊन पाहिला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेऱ्याच्या पेटीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली: 'रिकामा आहे. पाहून खात्री केली.'

तुमच्या घरच्या कॅमेऱ्यालाही अशी एक चिठ्ठी बांधा. मात्र ती लिहिण्याआधी लाल काच पाहा.