विश्लेषण : जावाचा ‘पहारेकरी’ निवृत्त, आता तुमच्या फाइल्स कोण राखणार?

बँकांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत अनेक ठिकाणची सॉफ्टवेअर जावा भाषेत लिहिलेली आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ पासून या भाषेतील ‘सिक्युरिटी मॅनेजर’ ही सुरक्षा यंत्रणा कायमची बंद झाली. याचा अर्थ काय?

सिक्युरिटी मॅनेजर काय करत असे?
जावा प्रोग्राम बहुतेक वेळा ‘जार’ नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधून दिला जातो. त्याने कोणत्या फाइल वाचाव्यात, कुठे लिहावे, कोणत्या सर्व्हरशी संपर्क साधावा, हे ‘पॉलिसी फाइल’मध्ये ठरवून देता येई. त्याबाहेर पाऊल टाकले की परवानगी नाकारली जाई. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अनोळखी ‘ॲपलेट’ना आवर घालणे, हा त्यामागचा मूळ हेतू होता.

मग ती का काढली?
ॲपलेट कालबाह्य झाले. परवानग्यांची यादी किचकट असल्याने फार थोडे जण ती वापरत. जावा १७ ने २०२१ मध्येच निवृत्तीची सूचना दिली होती. जावा २४ मध्ये ही यंत्रणा सुरू करण्याचा आदेश दिल्यास प्रोग्राम चालूच होत नाही.

धोका कोणाला?
पॉलिसी फाइलवर विसंबलेल्या संस्थांना. जावा २१ वरून २५ वर जाताना अडलेला प्रोग्राम चालावा म्हणून तो आदेश नुसताच पुसला, तर प्रोग्राम चालेल, पण कुंपणाशिवाय.

आता पर्याय काय?
राखण ऑपरेटिंग सिस्टीमकडे. प्रोग्राम ज्या युजरच्या नावाने चालतो, त्याचे सगळे अधिकार त्याला मिळतात. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा, मोजक्या फोल्डरपुरता युजर ठेवावा किंवा तो कंटेनरमध्ये चालवावा. लिनक्सवर जार फाइलची फक्त ‘एक्झिक्यूट’ परवानगी काढून भागत नाही. ‘जावा’ कमांडला ती फाइल वाचता आली तरी पुरते.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?
डबल क्लिक करून उघडलेल्या जारवर हा पहारा आपोआप कधीच नव्हता. त्यामुळे ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर आलेली जार फाइल संगणकावर उघडणे म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या सगळ्या फाइल्स मोकळ्या करून देणे. डिजिटल सही असली तरी ती फाइल कोणी दिली एवढेच कळते. आत काय आहे, याची हमी मिळत नाही. अधिकृत संकेतस्थळावरूनच फाइल घ्या आणि ॲडमिन खात्यातून ती चालवू नका.