गाडीतला सॅटेलाइट रेडिओ: पैसे भरावेत का?

अमेरिकेत नवी गाडी घेतली की बहुधा तीन महिने सिरियसएक्सएमचा सॅटेलाइट रेडिओ फुकट मिळतो. मुदत संपत आली की तिकडे गेलेल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला, "पुढे पैसे भरू का?" मी उलट विचारतो, "रोज कुठून कुठे जातोस?"

कारण या रेडिओला मोबाइलची रेंज लागत नाही, हेच त्याचं खरं बळ. नेवाडासारख्या ओसाड भागातल्या हायवेवर तो उत्तम सोबती. बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र आवाज तुटतो.

घर आणि ऑफिस शहरातच असेल तर हिशेब मांडा. १२८ केबीपीएसने गाणी ऐकली तर तासाला साधारण ६० एमबी डेटा लागतो. रोज एक तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. एवढा डेटा अनेकांच्या प्लॅनमध्ये पडूनच असतो. शिवाय फोनवर मराठी नाटक, पॉडकास्ट हवं तेव्हा लावता येतं.

आपल्याकडेही काही घरांत वर्ल्डस्पेसचे रिसीव्हर होते. २००९ अखेरीस भारतातली सेवा बंद पडली आणि रिसीव्हर शोभेचे झाले. वर्गणी थांबली की हाती काही उरत नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून फुकटच्या तीन महिन्यांत रेंज कुठे आणि किती वेळ जाते ते टिपून ठेवा. दर आठवड्याला दोन-तीन तास जात असेल तर खुशाल पैसे भरा. फक्त सवलत संपण्याची तारीख कॅलेंडरवर घाला, नाहीतर पुढे पूर्ण दर कार्डावरून आपोआप कापला जातो.